एका रुसव्याची गोष्ट

रुसण्याची कला आता माणसांकडून यंत्रांनी उचलली आहे. माझ्या मोबाईलमधले ध्वनिमुद्रणाचे अ‍ॅप गेल्या महिन्यात असेच रुसले. बोट लावावे, त्याने क्षणभर तोंड दाखवावे, की लगेच दार बंद! वर ‘अ‍ॅप सतत थांबत आहे’ अशा अर्थाची पाटी. अरे, थांबते ते दिसतेच आहे. का थांबते ते सांग ना!

एरवी मी त्याची इतकी मनधरणी केली नसती. पण त्यात आजीच्या 32 ओव्या होत्या. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी, घरातले जाते देऊन टाकण्याच्या आदल्या दिवशी, दळता दळता म्हटलेल्या. “पुन्हा म्हणशील का गं?” असे फोनवर विचारले, तर म्हणाली, “हातात खुंटा नाही पोरी, ओवी कुठनं येणार?”

वसतिगृहात वैद्य पुष्कळ आणि सर्वांचे औषध एकच : “काढून टाक आणि पुन्हा घाल.” पण अ‍ॅप काढले की त्याचा खासगी कप्पाही पुसला जातो, आणि ओव्या नेमक्या त्याच कप्प्यात! सेटिंगमध्ये ‘कॅशे साफ करा’ आणि ‘डेटा साफ करा’ ही बटणे सख्ख्या जावांसारखी जवळजवळ नांदतात. पहिले केर काढते, दुसरे घरच रिकामे करते. तिथे डेटाचा आकडा 210 एमबी दिसला आणि जीव भांड्यात पडला. ओव्या आत होत्या. दार तेवढे उघडत नव्हते.

दोष रुसणाऱ्याचाच असतो असेही नाही. 2021 च्या मार्चमध्ये जगभर अँड्रॉइड फोनांवरची कितीतरी अ‍ॅप्स उघडताच मिटत होती. बिघाड त्यांच्यात नव्हताच. अ‍ॅपच्या आत वेबपाने दाखवणारा ‘वेबव्ह्यू’ नावाचा सामाईक घटक बिघडला होता. हे वाचले आणि मी अ‍ॅपला सोडून शेजारपाजार धुंडाळू लागले. फोनची साठवण काठोकाठ भरलेली निघाली. सुप्रभाताची चित्रे, कुणाकुणाच्या लग्नांचे व्हिडिओ! उघडताना अ‍ॅपला काही नोंदी लिहाव्या लागतात. पाटीवर जागाच नसेल तर बिचारे लिहिणार कुठे? चार जीबी जागा मोकळी केली, कॅशे साफ केली, फोन बंद करून पुन्हा सुरू केला.

उघडले! आधी साऱ्या ओव्या मेमरी कार्डावर उतरवल्या आणि मगच फोन कानाला लावला. प्रथम जात्याची घरघर, मग आजीचे खाकरणे, आणि मग पहिली ओवी.