कॉव्हेंट्रीच्या भग्न भिंतीवरील दोन शब्द

लेस्टरच्या जैन मंदिराच्या दर्शनास आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी जातात. तेथून कॉव्हेंट्री फार दूर नाही, तरी तेथील कॅथेड्रल पाहावयास वळणारे थोडे. तेथे स्वयंसेवक मार्गदर्शक ही वास्तू समजावून सांगतात. आमच्या गटाबरोबर एक वयस्क बाई होत्या.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांच्या बाँबवर्षावात मूळचे मध्ययुगीन चर्च जळाले. मनोरा आणि बाहेरच्या भिंती तेवढ्या उरल्या. वास्तुशिल्पी बेसिल स्पेन्स यांनी ते अवशेष न हलविता त्यांच्याशी काटकोनात नवे चर्च उभारले. १९६२ साली त्याचे समर्पण झाले. दोहोंच्या मध्ये काचेची उत्तुंग भिंत आहे. तीवर जॉन हटन यांनी संत आणि देवदूत कोरले आहेत आणि त्या आकृतींतून आतल्या माणसास पडक्या भिंती दिसत राहतात.

बाहेरच्या भिंतीवर जेकब एप्स्टाइन यांचे शिल्प आहे: बांधलेल्या सैतानावर भाला घेऊन उभा असलेला सेंट मायकेल. जिनबिंबाच्या शांत मुद्रेस सरावलेल्या माझ्या डोळ्यांना ते फारसे रुचले नाही.

आत मात्र मन रमले. समोर ग्रॅहम सदरलँड यांनी आरेखिलेला, सुमारे २३ मीटर उंचीचा विणलेला ख्रिस्तपट. त्याच्या पायांशी सामान्य माणसाची एक लहानशी आकृती. दोन्ही बाजूंच्या भिंती करवतीच्या दात्यांसारख्या मोडत गेलेल्या. खिडक्यांचे तोंड वेदीकडे, म्हणून वेदीकडे जाताना त्यांच्या रंगीत काचा दिसतच नाहीत. बाईंनी आम्हांला वेदीपर्यंत नेले आणि मग वळावयास सांगितले. हिरवा, तांबडा, जांभळा, सोनेरी असे सारे रंग एकदम उजळले. जन्मापासून परलोकापर्यंतचा मानवी प्रवास त्यांत सुचविला आहे. प्रतिक्रमण म्हणजे मागे फिरणे, हा अर्थ मी पाठशाळेत शिकले होते. तो डोळ्यांनी पाहिला येथे.

शेवटी आम्ही भग्न भागात आलो. आगीनंतर क्रॉसच्या आकारात पडलेल्या दोन जळक्या तुळया एका पाथरवटाने तेथे उभ्या केल्या. तत्कालीन प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी वेदीमागच्या भिंतीवर दोनच शब्द कोरविले: ‘पित्या, क्षमा कर’. बाईंनी विचारले, यात काय नाही? बायबलात ख्रिस्त ‘त्यांना’ क्षमा कर असे म्हणतो. येथे ‘त्यांना’ नाही. बाँब टाकणारे आणि ज्यांचे घर जळाले ते, सारेच त्या याचनेत आले.

आपल्याकडे क्षमा ईश्वराकडे मागत नाहीत, जीवमात्राकडे मागतात. हा भेद मोठा आहे आणि मला आपलीच वाट अधिक कठीण वाटते. पित्यापुढे हात जोडणे एकवेळ साधेल. पेढीच्या वाटणीवरून ज्याच्याशी दहा वर्षे बोलणे नाही, त्या चुलतभावाचे दार ठोठावणे साधत नाही. संवत्सरीस ‘मिच्छामि दुक्कडम्’चे शेकडो संदेश जातात, त्यांत नेमके त्याचेच नाव नसते.

जुन्या छतातून पडलेल्या खिळ्यांचा येथे क्रॉस झाला आणि तसे क्रॉस पुढे कील, ड्रेस्डेन, बर्लिन या जर्मन शहरांस गेले. दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता या अवशेषांत समेटाची प्रार्थना होते. द्वेष, परधनाची लालसा, मत्सर, गर्व अशी एकेकाची नावे घेऊन क्षमा मागितली जाते. क्रोध, मान, माया, लोभ लहानपणापासून पाठ असलेल्या मला ती यादी अनोळखी वाटली नाही. आम्ही गेलो तो शुक्रवारच होता. बारा वाजले, बाई बोलावयाच्या थांबल्या आणि आम्हीही त्यांच्याबरोबर उघड्या आकाशाखाली उभे राहिलो.