म्हण म्हणणारा तिसरा

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कारटं’ ही म्हण बाब्याची आई कधी म्हणत नाही. म्हणतो तो तिसराच कुणीतरी, ज्याला दोन्ही पोरं सारखीच द्वाड दिसतात. म्हणीत त्याला जागाच नाही. पण तो नसता तर म्हणही नसती. वर्गात एकमेकांचे मसुदे तपासायला देते तेव्हा मुलांनी हा तिसरा व्हावं, अशी माझी अपेक्षा असते. ती मात्र दुसऱ्याच्या कारट्यालाही बाब्याच म्हणतात. समासात ‘छान’, ‘मुद्देसूद’, फार तर ऱ्हस्वदीर्घाची एखादी चूक. उद्या आपलाही मसुदा त्याच हातात जायचा असतो. हा भित्रेपणा की शेजारधर्म?

वक्तृत्वशास्त्राचे अभ्यासक लॉइड बिट्झर यांनी १९६८ मध्ये मांडलं की ऐकणारा प्रत्येक जण श्रोता नसतो. ऐकून ज्याच्या हातून काही बदलू शकतं, तोच श्रोता. मग वर्गात लिहिलेलं ‘व्यवस्थापकांस निवेदन’ कुणासाठी? व्यवस्थापक तर काल्पनिक. तिथे खरा श्रोता एकच, शेरा वाचून मसुदा बदलू शकणारा सहाध्यायी. म्हणजे त्या तासातलं खरं वक्तृत्व शेऱ्यातच असतं, आणि मुलं नेमका तोच घाईत खरडतात.

आणि श्रोता खरा असला तरी? अवकाशयानांसाठी रॉकेटं बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीतले अभियंते रॉजर बोईजोली यांनी ३१ जुलै १९८५ला उपाध्यक्ष रॉबर्ट लुंड यांना लिहिलं, की रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या ओ-रिंगचा प्रश्न तातडीने सोडवला नाही तर यान गमावण्याचा धोका आहे. पत्र स्पष्ट, श्रोता अचूक. २७ जानेवारी १९८६च्या रात्री अभियंत्यांनी चॅलेंजर या अवकाशयानाच्या उड्डाणाला विरोध केला. तरी सकाळी ते उडालं आणि ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी पुढे दोष अभियंत्यांच्या तक्त्यांच्या मांडणीला दिला. बोईजोली आणि सहकाऱ्यांनी तो नाकारला: आमच्यापाशी काय माहिती होती, हेच त्यांना समजलेलं नाही. तिसराही चुकतो तर.

मला छळतं ते मात्र त्या रात्रीचं दुसरंच वाक्य. एका वरिष्ठाने लुंडना सांगितलं, अभियंत्याची टोपी उतरवा, व्यवस्थापकाची घाला. शिफारस फिरली. मी शिकवते त्या सगळ्या कसोट्यांवर हे वाक्य उतरतं: आटोपशीर, प्रसंग साधणारं, श्रोत्याला पुरतं ओळखणारं. ते मुलांना तपासायला द्यावं की नाही, ठरत नाही.