कांचीपुरमचे अण्णा

चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर श्रीपेरुंबुदूर मागे पडले की कारखान्यांची गर्दी ओसरू लागते आणि पुढे कांचीपुरमला पोहोचल्यावर एकांबरेश्वराचे गोपुर, म्हणजे देवळाच्या प्रवेशद्वारावरील उंच मनोरा, समोर येते. पल्लवांच्या या राजधानीत यात्रेकरू येतात ते देवदर्शनासाठी. परंतु समाजसुधारक पेरियारांच्या नास्तिक, ब्राह्मणेतर चळवळीतील सर्वांत प्रभावी वक्ते सी. एन. अण्णादुरै यांचा जन्मही 15 सप्टेंबर 1909 रोजी याच गावात, विणकर समाजातील कुटुंबात झाला.

पिळ्ळैयारपाळयम या विणकरवस्तीत आजही ‘कोर्वै’ पद्धतीने रेशमी साड्या विणल्या जातात. साडीचे अंग आणि काठ निरनिराळ्या रंगांत विणून एकमेकांत गुंतवायचे, अशी ही पद्धत असून तीन धोटे चालवावे लागत असल्याने विणकराच्या जोडीला मागावर मदतनीस बसतो. अण्णादुरै म्हणजेच अण्णांनी शिक्षण थांबवून काही काळ कांचीपुरमच्याच नगरपालिकेत कारकुनी केली आणि नंतर मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यांचे घर आता स्मारक आहे.

1949 मध्ये पेरियारांपासून फुटून त्यांनी द्रविड मुन्नेत्र कळघम हा पक्ष स्थापन केला, तो दक्षिणेतील द्रविड भाषकांचे ‘द्रविडनाडू’ हे स्वतंत्र राष्ट्र मागण्यासाठी. ब्राह्मणेतर चळवळीच्या विचारांचा प्रसार त्यांनी त्याआधीपासूनच सभांइतकाच रंगभूमीवरूनही केला होता. शिवराज्याभिषेकाला झालेल्या धर्मशास्त्रीय विरोधावर त्यांनी लिहिलेल्या नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका करणाऱ्या गणेशन या तरुण नटाला पेरियारांनी दिलेले ‘शिवाजी’ हे नाव त्याला जन्मभर चिकटले. महाराष्ट्राचा राजा तमिळ ब्राह्मणेतर राजकारणात असा पोहोचला, याची मराठी वाचकाला फारशी वार्ता नसते.

1962 च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाने 50 जागा मिळवल्या, पण अण्णा मात्र खुद्द कांचीपुरमात पडले. त्याच वर्षी राज्यसभेत त्यांनी स्वयंनिर्णयाची मागणी मांडली खरी, तरी चीनचे आक्रमण होताच ती बाजूला ठेवली आणि 1963 मध्ये सोळाव्या घटनादुरुस्तीने उमेदवारांना देशाच्या अखंडतेची शपथ बंधनकारक केल्यावर ती कायमची सोडून दिली. ही माघार म्हणावी, तर तिची फळे विजयाची होती: 1965 च्या हिंदीविरोधी आंदोलनानंतर 1967 मध्ये पक्ष सत्तेवर आला, मुख्यमंत्री अण्णांनी पुरोहिताविना होणाऱ्या ‘स्वाभिमान विवाहां’ना कायदेशीर मान्यता दिली, शाळांतून तमिळ व इंग्रजी असे द्विभाषा धोरण आणले आणि मद्रास राज्याला ‘तमिळनाडू’ हे नाव मिळवले. ते नाव 14 जानेवारी 1969 रोजी अमलात आले; 3 फेब्रुवारीला कर्करोगाने अण्णांचे निधन झाले.