किती वाजल्यापासून दुखतंय?

पोटदुखीच्या पेशंटची चिठ्ठी माझ्या लॅबमध्ये येते तेव्हा तिच्यावर सीबीसी, सीआरपी, लघवी एवढं लिहिलेलं असतं आणि कोपऱ्यात प्रश्नचिन्ह घालून ‘अपेंडिक्स’. दुखणं कधी सुरू झालं, हे बहुधा नसतंच. म्हणून सुई टोचण्याआधी मी विचारते. मुळशीत याचं उत्तर एका दमात मिळत नाही. भातलावणीच्या दिवसांत तर नाहीच. ‘सकाळपासून’ म्हणतात. खोदून विचारलं की कळतं, आदल्या संध्याकाळीच बेंबीभोवती कळ येत होती, जेवण नको झालं होतं, ओवा चावून झोपले आणि पहाटे दुखणं उजवीकडे खाली उतरलं.

या वेळेवर माझा सगळा हिशेब उभा असतो. सूज धरली की पांढऱ्या पेशी काही तासांतच वाढू लागतात. सीआरपी हे सुजेचं प्रथिन यकृतात तयार होतं, त्याला उशीर लागतो. सहा ते बारा तासांनी ते चढायला लागतं आणि दोनेक दिवसांत सर्वांत वर जातं. म्हणून चार तासांच्या दुखण्यात सीआरपी नॉर्मल आलं, तर त्यावर काहीच ठरवता येत नाही. चोवीस तास उलटूनही पेशी आणि सीआरपी दोन्ही नॉर्मल असतील, तर अपेंडिक्सची शक्यता बरीच घटते. संपत मात्र नाही. गरोदर बाईच्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात, आणि म्हाताऱ्या माणसाचं अपेंडिक्स फुटायला आलं तरी कधीकधी काउंट जागचा हलत नाही.

अल्फ्रेडो अल्वाराडो या सर्जननी १९८६ मध्ये फिलाडेल्फियातल्या ३०५ पेशंटच्या नोंदींवरून अपेंडिक्स ओळखायचं दहा गुणांचं कोष्टक मांडलं. त्यात रक्ताला तीनच गुण आहेत: पेशी दहा हजारांवर गेल्या तर दोन, त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी ७५ टक्क्यांवर असतील तर एक. उरलेले सात पेशंटच्या हकिकतीचे, तापाचे आणि पोट दाबून पाहणाऱ्या हाताचे. माझा व्यवसाय रक्ताचा असूनही ही वाटणी मला अगदी योग्य वाटते.

त्या तीन गुणांसाठी मात्र मी जीव ओतते. छोट्या लॅबमधलं मशीन पेशी मोजतं, पण त्या कोवळ्या आहेत की जून, ते सांगत नाही. त्यासाठी काचपट्टीवर रक्ताचा थेंब ठेवायचा, दुसऱ्या पट्टीच्या कडेने एका ओढीत पातळ पसरायचा, वाळला की लिश्मनचा रंग द्यायचा. मग सूक्ष्मदर्शकात, तेलाच्या थेंबाखाली शंभर पेशी एकेक करून मोजायच्या. पिकलेल्या न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार पाकळ्यांचं असतं, पाकळ्या बारीक धाग्याने जोडलेल्या. शरीराला घाई झाली की पाकळ्या न फुटलेल्या, नालासारख्या वाकलेल्या केंद्रकाच्या पेशीही रक्तात उतरतात. त्या दिसायला लागल्या की मी रिपोर्ट टाइप होण्याची वाट पाहत नाही, आधी फोन करते.

कोळवण खोऱ्यातली एक बाई मुलाला दुसऱ्यांदा घेऊन आली तेव्हा वैतागली होती.

“मॅडम, सकाळीच दिलंय की रक्त. परत कशाला?”

“मावशी, सकाळी त्याला दुखायला लागून तीनच तास झाले होते. आता दुपार टळली. आधीचा आकडा आताच्या शेजारी ठेवून बघायचाय.”

सकाळी पेशी ९,८०० होत्या, दुपारी १४,६००. न्यूट्रोफिल ८६ टक्के. तेवढ्यात डॉक्टरांनीही पुन्हा पोट तपासलं होतं. पिरंगुटचा घाट आणि चांदणी चौक ओलांडून पुण्यात पोचायचं, तर निर्णय उजेडी झालेला बरा. तो झाला.

आता माझ्या चिठ्ठीवर एक ओळ छापलेली आहे: ‘दुखणं सुरू झाल्याची वेळ’. काही डॉक्टर ती आठवणीने भरतात. कोरी आली तर मी पेशंटला विचारते, घरच्यांना विचारते, आणि रिपोर्टवर आकड्याच्या शेजारी तास लिहून देते.