आधी श्वास मोजा

दिवाळीच्या सुमारास कोरपन्यात खोकल्याचे रुग्ण वाढतात. सोयाबीन नुकतंच निघालेलं असतं आणि थ्रेशरपाशी उभं राहिलेल्यांच्या छातीत कुटाराची धूळ गेलेली असते. पहाटेचं दव पडू लागतं, त्याच दिवसांत कापूस वेचायलाही जावं लागतं. गडचांदूर-आवारपूरकडचे सिमेंट कारखान्यांतले कंत्राटी कामगारही येतात. बहुतेकांचं मागणं एकच असतं, "डॉक्टरसाहेब, एक सुई देऊनच द्या न जी. रोजी बुडून राहिली."

रोजी बुडणं ही खरी अडचण आहे, म्हणून त्या मागणीला मी कधीच हसण्यावारी नेत नाही. पण सुईने किंवा अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी ती रोजी वाचत नाही, हे मला दरवेळी नीट समजावून सांगावं लागतं.

यांतल्या बऱ्याच जणांना अॅक्यूट ब्राँकायटिस झालेला असतो, म्हणजे मोठ्या श्वासनलिकांना आतून सूज आलेली असते. दहातल्या नऊ वेळा तरी त्याचं कारण विषाणू असतात. अँटिबायोटिक मारतं जिवाणूंना. विषाणूंवर ते चालत नाही. विषाणू श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलून काढतो. कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस त्यात झडतात आणि खाली उघडी पडलेली मज्जातंतूंची टोकं धुराने, धुळीने, गार हवेने चटकन चाळवतात. ताप चार-पाच दिवसांत उतरतो, विषाणूही जातो; खोकला मात्र अस्तर पुन्हा भरून येईपर्यंत राहतो.

त्याला सरासरी अठरा दिवस लागतात. लोकांचा अंदाज असतो आठवड्याचा. म्हणून आठव्या दिवशी माणूस वैतागून औषधाच्या दुकानातून पाच दिवसांच्या गोळ्या घेतो, तेराव्या-चौदाव्या दिवशी त्याला उतार पडतो आणि श्रेय गोळ्यांना मिळतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! जगभरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर अँटिबायोटिकने हा खोकला जेमतेम अर्ध्या दिवसाने कमी होतो. बदल्यात जुलाब, अंगावर पुरळ आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू पदरात पडतात.

"पण कफ पिवळा-हिरवा पडते ना जी?" हा पुढचा प्रश्न. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका द्रव्याचा असतो. पेशी लढायला आल्या एवढंच त्यावरून कळतं, कोणाशी लढताहेत ते कळत नाही.

मग अँटिबायोटिक द्यायचं केव्हा? याचं उत्तर शोधायला आम्हाला लांब जावं लागत नाही. 1982 पर्यंत आमच्याच चंद्रपूर जिल्ह्याचा भाग असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना आणि दायांना बाळांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी एक साधं उपकरण बनवलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. श्वास ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला तरच औषध. 58 गावांतल्या या कामाचा अहवाल 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तिथे उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या बाळांत मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के होतं. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत 13.5 टक्के.

जग यातून शिकलं की वेळेवर दिलेलं अँटिबायोटिक गावातच जीव वाचवतं. माझ्या लेखी या कामाची दुसरी बाजूही तितकीच मोठी आहे. श्वास संथ असलेल्या, नुसत्या खोकणाऱ्या बाळाला औषध द्यायचं नाही, हेही त्याच मण्यांनी ठरत होतं.

आजही हद्दी त्याच धर्तीच्या आहेत. बाळ शांत असताना मिनिटभर पोटाकडे पाहावं. दोन महिन्यांखाली 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त श्वास भरले, किंवा छाती आत ओढली जात असली, तर तडक दवाखाना गाठावा. मोठ्या माणसात मी श्वास, नाडी, ताप पाहतो आणि छातीला नळी लावून दोन्ही बाजू ऐकतो. धाप, रक्त, छातीत एका जागी दुखणं, उतरून पुन्हा चढलेला ताप किंवा म्हाताऱ्या माणसाचं बरळणं, यातलं काही असेल तर तो ब्राँकायटिस समजून घरी बसू नये.

बाकीच्यांना मी सांगतो: कोमट पाणी पीत राहा, अंग दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या, झोपताना चमचाभर मध घ्या, वर्षाखालच्या बाळाला मात्र मध नाही. बिडी बंद. चुलीपुढे बसणाऱ्या बाईचं काम काही दिवस घरातल्या दुसऱ्याने उचलावं. थ्रेशरवर वारा पाठीशी घेऊन, नाकाला रुमाल बांधून उभं राहा. लहान मुलांना मनाने खोकल्याची बाटली पाजू नका. 2025 मध्ये शेजारच्या छिंदवाड्यात अशाच औषधातल्या डायएथिलिन ग्लायकॉलने कोवळे जीव घेतले.

एक गोष्ट मी चिठ्ठीवर ठळक लिहून देतो: खोकला सुरू झाल्याची तारीख आणि त्यापुढच्या दोन आठवड्यांची तारीख. तोवर खोकला राहिला, तर बेडका तपासायलाच हवा. बहुतेकदा तो ब्राँकायटिसचाच रेंगाळलेला खोकला निघतो. पण आमच्या भागात क्षयरोग आहे आणि सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी फुकट होते. इथेच मनाने घेतलेल्या अँटिबायोटिकचा सर्वांत मोठा घात आहे. लिव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध क्षयाच्या जंतूंना थोडं दाबतं, रुग्णाला आठ-दहा दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्यात निदान लांबतं, घरातल्या इतरांना लागण होते.

म्हणून माझी विनंती माझ्या व्यवसायबंधूंना आणि औषध दुकानदारांना आहे. रुग्ण सुई मागतो तेव्हा त्याला खरं तर आपला आजार गंभीर नाही ना, आणि कामावर कधी जाता येईल, हे हवं असतं. तपासून, तारीख लिहून, धोक्याच्या खुणा सांगून ही दोन्ही उत्तरं देता येतात. त्याला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांचे पैसे घ्यावेत, रुग्णानेही ते खुशीने द्यावेत. कारण उपचार तोच आहे.