एका ओळींत किती मावतें?

लोणारच्या अनेक सहलींचीं वीस हजार छायाचित्रें आमच्या शाळेच्या संगणकांत सांठलीं आहेत. गोमुखाची धार, दैत्यसूदन मंदिराचा सभामंडप, अशीं सविस्तर मराठी नांवें विद्यार्थ्यांनीं त्यांस दिलीं आहेत. गतवर्षीं त्यांच्या तारखांची यादी करण्यास आम्ही बसलों. सारीं नांवें एकाच लेखी आज्ञेंत घातलीं; संगणकानें ती साफ नाकारली.

शोध घेतां कळलें कीं, आज्ञेच्या ओळीसही मर्यादा असते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ती 8,191 अक्षरांची, मॅकवर सुमारें 10 लाख बाइटांची, आमच्या लिनक्सवर बहुधा 20 लाखांची. तेथें रोमन अक्षर एक बाइट जागा घेतें. देवनागरी अक्षर तीन, आणि त्याचा काना-मात्राही तीन! “नांवें इंग्रजींत करा, म्हणजे मावतील,” असा सल्ला मिळाला. आम्हांस तो रुचला नाहीं. ओळ अपुरी म्हणून नांव कां बदलावें?

मग एकेक नांव दिलें. काम चाललें, पण दर नांवास कार्यक्रम नव्यानें सुरू होई. दुपार सरली तरी यादी अपुरीच. अखेर एक्सआर्ग्ज नामक साधन सांपडलें. तें ओळींत मावतील तितकीं नांवें घेऊन खेपा करतें. शेतकरी सारा कापूस एका गाडींत कोंबीत नाहीं, आणि बोंडागणिक गाडीही जुंपीत नाहीं, तसेंच हें. कांहीं मिनिटांत यादी पुरी झाली.

विद्यार्थीमित्रहो, ओझें मोठें असल्यास खेपा वाढवाव्या. आपलीं नांवें छाटूं नयेत.