मला काही झालेलं नाही!

मुलांनो, साथीच्या दिवसांत सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं, सांगा बघू? "मला काही झालेलं नाही, मग मी कशाला तोंड झाकू?" २०२० साली करोना आला, तेव्हा हे वाक्य मी दुधाच्या केंद्रावर ऐकलं, किराण्याच्या रांगेत ऐकलं, आमच्या इमारतीच्या जिन्यातसुद्धा ऐकलं. वाक्य कसं बिनतोड वाटतं! पण साथ पसरते ती याच वाक्याच्या आडोशानं.

कशी, ते सांगतो. करोनाचा विषाणू शरीरात शिरला की लगेच ताप येत नाही. मध्ये काही दिवस जातात. आणि ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होऊ शकते. काहींना तर शेवटपर्यंत काहीच त्रास होत नाही, तरी ते रोग पसरवू शकतात. म्हणजे 'मला काही झालेलं नाही' म्हणणारा खोटं बोलत नसतो बरं का! त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नसतं. म्हणून तर नियम सरसकट सगळ्यांना असतो. बोलताना, खोकताना उडणारे थेंब मुखपट्टी बऱ्याच अंशी अडवते. साबणाचं म्हणाल, तर या विषाणूभोवती एक स्निग्ध आवरण असतं. साबणानं तेलकट ताट स्वच्छ होतं ना, तसंच ते आवरण फुटतं आणि विषाणूचा खेळ संपतो.

आता तुम्ही म्हणाल, इतकं सोपं आहे तर लोक ऐकत का नाहीत? मला वाटतं, नियम सांगण्याची एक रीत असते. ती चुकली की चांगला नियमही लोकांना जाच वाटतो.

आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट घ्या. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पाठोपाठ प्लेग पुण्यात पोचला. १८९७ साली सरकारनं साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात रँड नावाचा अधिकारी नेमला. गोरे सोल्जर घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. देवघर नाही, माजघर नाही, कुठंही घुसायचे. रोग्याला वेगळं ठेवणं गरजेचंच होतं, पण ते लोकांना समजावून सांगतो कोण? झालं! लोक आपली आजारी माणसं लपवू लागले. संताप इतका वाढला की २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

आणि त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ दुसरंही काही घडत होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर मुलगा यशवंत यांनी गावाबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवरून तिथं आणलं, असं सांगतात. रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. इकडे मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. ती पहिल्यांदा कुणाला टोचली? १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच! आधी केलं, मग सांगितलं.

नियमाचं कारण पटलं की शिपायाची गरज उरत नाही. पुढंपुढं आपल्या खेड्यांतून घरात उंदीर मरून पडू लागले की लोक आपणहून घर सोडायचे आणि रानात झोपड्या बांधून राहायचे. मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसाला चावतात आणि प्लेग देतात, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ साली शोधून काढलं. बऱ्याच जणांना पिसवांचं ते शास्त्र ठाऊक नसेल, पण उंदीर पडले की निघायचं, एवढं पक्कं कळलं होतं.

आमच्या इमारतीतले दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा मोठे हट्टी. २०२० साली रोज सकाळी मुखपट्टीशिवाय दूध आणायला निघायचे. सेक्रेटरींनी सूचना लावली, दंडाची भीती घातली. आजोबा म्हणायचे, "मला काही झालेलं नाही!" तळमजल्यावर चौथीतली एक मुलगी राहायची. तिची आई नर्स. कोविडच्या वॉर्डात ड्युटी, म्हणून राहायची सोय तिकडेच. पंधरा-पंधरा दिवस आई दिसायची ती फाटकापलीकडून. एक दिवस ती पोरगी आजोबांना म्हणाली, "आजोबा, पेशंट कमी झाले ना, की माझी आई घरी येणार आहे."

बस्स, एवढंच. ना दंड, ना उपदेश. आजोबा तसेच वर गेले आणि मुखपट्टी बांधून खाली आले. पुढं कधी ती विसरली नाही त्यांनी.

आणखी एक सांगायलाच हवं. नियम पाळणारे काही जण दुसऱ्यांशी फार वाईट वागले. त्याच नर्सबाईंच्या घरच्यांना 'जिन्यातून जाऊ नका' म्हणणारे शेजारीही आमच्याकडे होतेच. अंतर ठेवायचं ते रोगापासून. माणुसकीशी कसलं अंतर? ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याच्या दाराबाहेर भाजी ठेवून यावी, फोन करून 'कसं आहे?' विचारावं. हेसुद्धा नियमातच धरा.

जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ रोजी करोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण साथी यापुढंही येतील. कधी करोनासारखी मोठी, कधी तुमच्या वर्गापुरती गोवराची किंवा डोळे येण्याची. तेव्हा नियम कानावर पडला की 'का?' असं जरूर विचारा, पण डॉक्टरांना, बाईंना, जाणत्या माणसाला विचारा. पटलं की आधी स्वतः पाळा. मग घरात सांगा, गोड शब्दांत सांगा. मोठी माणसं कायद्याला बधत नाहीत, पण पोराबाळांचं ऐकतात. तुमच्या हातात केवढी ताकद आहे, पाहिलंत ना?